भिंगाचा वेगळा रकाना

साहित्याला वाहिलेल्या अंकात कॅमेऱ्याच्या भिंगाविषयी लिहायला बसावे, म्हणजे कीर्तनात उभे राहून नांगराच्या फाळाची चर्चा करण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तथापि विषय वरवर दिसतो तितका परका नाही. प्रश्न परीक्षणाचा आहे. एखाद्या वस्तूला परीक्षणात स्वतंत्र रकाना केव्हा द्यावा आणि केव्हा देऊ नये, हा प्रश्न पुस्तकाच्या बाबतीत जितका खरा आहे तितकाच काचेच्या बाबतीतही आहे. मी स्वतः एका प्रकारच्या परीक्षणांचे गिऱ्हाईक आणि दुसऱ्या प्रकारच्या परीक्षणाचा विषय झालेला माणूस आहे. तेव्हा दोन शब्द बोलायचा अधिकार मला पोचतो असे मी धरून चालतो. शिक्षण विचाराल तर दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि वर चित्रकला शिक्षकाची पदविका. प्रकाशशास्त्र मला फळ्यावर मांडता येणार नाही. पण मुलांच्या वह्यांत छाया कोणत्या बाजूला पडली आहे हे पाहण्यात वीस वर्षे गेली आहेत.

वाद सुरू झाला तो असा. माझा भाचा भोरला लग्नाचे फोटो काढतो. हल्ली लग्नाआधीचेही फोटो काढून घेण्याची रीत पडली आहे. त्यासाठी पुण्याची जोडपी नीरेच्या घाटावर आणि भाटघरच्या पाण्याकाठी येतात, आणि ज्यांच्या पायांत बळ असेल ती राजगडाच्या पायथ्यापर्यंतही पोचतात. भाचा इंग्रजी मासिकांतील कॅमेऱ्यांची परीक्षणे मन लावून वाचतो. इंग्रजी त्याचे बेताचे आहे, परंतु ज्या विषयात पैसे गुंतलेले असतात त्या विषयाची भाषा माणसाला आपोआप येते. एकदा तो चिडून म्हणाला, “मामा, दहा पानं कॅमेऱ्यावर लिहितात आणि शेवटी लेन्सवर दोन ओळी. पत्रिकेच्या तळाला बालगोपाळांची नावं घालावीत तशी! कॅमेरा मी दर चार वर्षांनी विकतो. लेन्स राहते. मग जी राहते तिचं परीक्षण वेगळं नको का?”

त्या वेळी आमच्या शाळेतील विज्ञानाचे सर ओट्यावर बसले होते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांचे म्हणणे असे, की नुसता लेन्सचा वेगळा रकाना पुरेसा नाही. डिजिटल कॅमेऱ्यासाठी घडवलेल्या लेन्सचा वर्गच निराळा मानला पाहिजे, कारण फिल्मसाठी केलेली काच आणि सेन्सरसाठी केलेली काच यांचे धर्म भिन्न आहेत. मी त्या दिवशी दोघांनाही विरोध केला. माझे म्हणणे असे होते, की चित्र पाहावे. ते कोणत्या कुंचल्याने काढले याची चौकशी दुकानदाराने करावी. आज तीन वर्षांनी माझे मत निम्मे बदलले आहे. ते कसे बदलले आणि निम्मेच का, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम शब्दांविषयी. ‘भिंग’ हा आमच्या पाठ्यपुस्तकातील शब्द आहे. बहिर्गोल आणि अंतर्गोल ही त्याची दोन रूपे प्रत्येक मुलाने पाठ केलेली असतात. पण भोरच्या चौपाटीवर उभे राहून ‘भिंग’ म्हटले तर लोकांना सोन्याची पारख करणारा सराफ आठवेल. फोटोवाले लेन्स म्हणतात, आणि गमतीत असले तर ‘काच’. मी तिन्ही शब्द वापरणार आहे. कॅमेऱ्याच्या पेटीला ते ‘बॉडी’ म्हणतात. हा शब्द मला फार सूचक वाटतो, कारण देह आणि दृष्टी यांची फारकत त्यात आधीच झालेली आहे.

ही फारकत काही आजची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडाची पेटी आणि घडीचा भाता. अशी पेटी चांगला सुतार करू शकत होता. काच मात्र विलायतेहून यायची. पुढे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणला, आणि काही वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी, दामल्यांसारख्या साथीदाराच्या मदतीने, चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच घडवला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. परंतु यंत्र घडवणे ही एक विद्या आणि भिंग घासणे ही दुसरी, हे कातकाम करणारा कोणीही सांगेल.

आणि ‘अमृतमंथन’! प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आल्यानंतरचा तो पहिला चित्रपट, १९३४ सालचा. राजगुरूच्या भूमिकेत चंद्रमोहन, कॅमेऱ्यामागे केशवराव धायबर, दिग्दर्शक शांताराम. सारा पडदा व्यापून टाकणारा राजगुरूचा तो एक डोळा ज्याने पाहिला तो विसरत नाही. त्यासाठी टेलिफोटो लेन्स वापरली होती, आणि भारतीय चित्रपटात ती पहिल्यांदाच वापरली गेली, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. नव्वद वर्षे झाली. लोक अजून चंद्रमोहनच्या डोळ्यांविषयी बोलतात. त्या डोळ्याकडे पाहणाऱ्या दुसऱ्या डोळ्याविषयी कोणी बोलत नाही. चित्रपट-परीक्षणांत आजही ‘छायालेखन नेत्रसुखद’ एवढे दोन शब्द टाकले की परीक्षक त्या खात्यातून मोकळा होतो. ‘संत तुकाराम’मधील व्ही. अवधूतांच्या छायालेखनाला नेत्रसुखद म्हणणे म्हणजे इंद्रायणीला ओली म्हणण्यासारखे आहे.

म्हणून भाच्याच्या तक्रारीत तथ्य आहे असे मला हळूहळू वाटू लागले. पण इथे एक भेद केला पाहिजे, नाहीतर दोन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी होते. एक परीक्षण पाहणाऱ्यासाठी असते आणि एक घेणाऱ्यासाठी. मैफलीवर लिहिणारा संगीतसमीक्षक तंबोऱ्याचा वेगळा रकाना घालत नाही, आणि त्याने घालूही नये. पण तोच तंबोरा घ्यायचा असतो तेव्हा गवई मिरजेला जातो, भोपळ्यावर टिचकी मारतो, जवारी लावून पाहतो, आणि दिवसभर बसून एक निवडतो. तिथे तंबोऱ्याचेच परीक्षण चालते आणि गवयाचे नाव मध्ये येत नाही. छायाचित्रांच्या प्रदर्शनाविषयी किंवा पुस्तकाविषयी लिहिताना, उदाहरणार्थ संदेश भंडारे यांचे तमाशावरील पुस्तक घ्या, अमुक फोटो अमुक मिलिमीटरच्या लेन्सने काढला हे सांगणारा परीक्षक मला कंटाळवाणा वाटेल. मला त्या फडावरच्या बाईच्या चेहऱ्याविषयी ऐकायचे असते. मात्र भाच्याला जे परीक्षण हवे आहे ते दुसऱ्या जातीचे आहे. त्यात तंबोराच मध्यभागी हवा. मी त्या दिवशी ओट्यावर दोन जाती एक केल्या, ही माझी चूक.

आता घेणाऱ्याच्या परीक्षणात काच स्वतंत्र का असावी, हे हिशेबाने पाहू. निकॉन कंपनीने १९५९ साली आपल्या ‘एफ’ कॅमेऱ्याला लेन्स अडकवण्याची जी कडी दिली, तीच कडी १९९९ साली त्यांच्या ‘डी १’ या डिजिटल कॅमेऱ्यालाही होती. चाळीस वर्षांत फिल्म गेली, सेन्सर आला, पेट्या किती बदलल्या याची गणती नाही, कडी तीच. कॅनन कंपनीने १९८७ साली जुनी कडी टाकून नवी घेतली, आणि तीही तीस वर्षांवर चालली. २०१८ साली मिररलेस कॅमेऱ्यांसाठी दोघांनीही नव्या कड्या काढल्या, तरी मध्ये जोडणी लावून जुनी लेन्स नव्या पेटीवर बसते. इतके दीर्घायुष्य ज्या वस्तूला आहे तिचे मोल अल्पायुषी वस्तूच्या पुरवणीत सांगणे, हे घराच्या जाहिरातीत जमिनीचा उल्लेख शेवटी करण्यासारखे आहे.

इथपर्यंत मी भाच्याच्या बाजूचा झालो. पण लेन्सचे परीक्षण पेटीपासून पुरते तोडले तर काय होते, याचा अनुभव मला स्वतःच्या खिशातून मिळालेला आहे. शाळेच्या संमेलनाचे फोटो मीच काढतो. एका परीक्षणात वाचले, की पन्नास मिलिमीटरची लेन्स ही माणसाच्या नजरेच्या सर्वांत जवळची, स्वस्त, कमी उजेडात उत्तम, प्रत्येकाने घ्यावी अशी. मी जुनी एक घेतली. आठ दिवसांनी आमच्याच घरी हळद होती. माजघरात मी कॅमेरा लावला आणि नवरी दिसली ती खांद्यापर्यंत. मागे सरकलो, कमरेपर्यंत. आणखी सरकलो तो पाठ कणगीला लागली आणि नवरीचे पाय तरी बाहेरच. परीक्षक खोटे बोलला नव्हता. त्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. माझ्या स्वस्त कॅमेऱ्यातला २४ बाय १६ च्या आसपास. छोट्या चौकटीवर तीच पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते, म्हणजे कडेचे जग कापून टाकते. काचेचे परीक्षण अचूक होते, आणि माझ्या माजघरात ते निरुपयोगी ठरले.

विज्ञानाच्या सरांचे ‘डिजिटल लेन्स’ प्रकरण इथे उभे राहते, आणि ते मी वाटले होते तितके पोकळ निघाले नाही. त्यांनी मला तीन गोष्टी समजावून दिल्या. पहिली अशी, की फिल्म ही तिरक्या येणाऱ्या किरणाबाबत सोशिक असते. सेन्सर तितका सोशिक नसतो. त्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक घरे असतात आणि प्रकाश सरळ वरून आला तर ती नीट भरतात. कडेला तिरपा आला तर कोपरे काळवंडतात, रंगही ढळतो. विहिरीत ऊन दुपारी बाराला तळापर्यंत जाते आणि चारला भिंतीवरच राहते, तसे. म्हणून फार रुंद दृश्य घेणाऱ्या जुन्या लेन्स नव्या पेटीवर कडेला फसतात. दुसरी गोष्ट, सेन्सरवर चकचकीत काच असते. तिच्यावरून उजेड उलट फिरतो आणि लेन्सच्या मागच्या भिंगावर आपटून पुन्हा परत येतो. म्हणून नव्या लेन्समध्ये मागच्या बाजूलाही परावर्तन रोखणारा लेप काळजीने देतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यातून सकाळच्या उन्हाकडे जुनी लेन्स लावून फोटो घेतला, तर चौकटीच्या मध्यावर फिकट निळसर डाग आला, जणू कोणी ओले बोट टेकवले. भाच्याच्या नव्या लेन्सने त्याच जागेवरून, त्याच उन्हात घेतला, डाग नाही.

तिसरी गोष्ट छोट्या सेन्सरची. २००३ च्या सुमारास कंपन्यांनी मुद्दाम छोट्या चौकटीपुरतेच चित्र पाडणाऱ्या लेन्स काढल्या. त्या हलक्या आणि स्वस्त. त्याच वर्षी ऑलिम्पसने ‘फोर थर्ड्स’ ही पद्धत आणली, आणि आपण काच आणि पेटी दोन्ही डिजिटलसाठीच मुळापासून आखली आहेत असे जाहीर केले. म्हणजे सरांचा वर्ग बाजारात अस्तित्वात होताच. कोणी नावापुढे ‘डीएक्स’ लावले, सिग्माने ‘डीसी’ आणि ‘डीजी’, टॅमरॉनने ‘डीआय’. अक्षरांचा असा सुकाळ झाला, की घेणाऱ्याला लेन्सच्या कडेवरचा मजकूर अष्टकवर्गाच्या कोष्टकासारखा वाचावा लागू लागला.

तरीही मी सरांच्या पूर्णपणे बाजूला गेलो नाही. याचे कारण सांगण्यासाठी मला माझ्या कादंबरीकडे वळावे लागते, आणि वाचकांनी हे विषयांतर सोसावे.

माझी पहिली कादंबरी गुंजवणीच्या खोऱ्यात घडते. तिच्यात भात आहे, पाऊस आहे, धरणाखाली गेलेले शेत आहे. पण माझ्या मते तिचा विषय एका भावाने दुसऱ्याशी अकरा वर्षे धरलेला अबोला हा आहे. एका नियतकालिकात तिचे परीक्षण आले. ‘ग्रामीण विभाग’ अशी चौकट होती आणि तिच्यात चार पुस्तके एकत्र कोंबली होती. माझ्या वाट्याला सात ओळी. शेवटची ओळ अशी होती की ग्रामीण कादंबऱ्यांत ही बऱ्यापैकी उतरली आहे. मी ती ओळ पुष्कळ दिवस चघळली. परीक्षक दुष्ट नव्हता. त्याने मला जागा दिली होती. चौकट नसती तर कदाचित सात ओळीही आल्या नसत्या. पण चौकटीने जागा देताना माप बदलले. ‘बऱ्यापैकी’ हा शब्द मला बोचला नाही, ‘कादंबऱ्यांत’च्या आधी आलेला शब्द बोचला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. तिला ग्रामीण म्हणायचे तर खुशाल म्हणावे, पण ग्रामीणांत चांगली असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? श्री. ना. पेंडश्यांना प्रादेशिक म्हणून एका कप्प्यात ठेवले गेले. त्यांच्या माणसांनी तो कप्पा केव्हाच फोडला.

म्हणून वेगळ्या रकान्याकडे मी नेहमी दोन डोळ्यांनी पाहतो. रकाना वस्तूच्या स्वभावावरून पाडला असेल तर तो तिला न्याय देतो. काळाच्या शिक्क्यावरून पाडला असेल तर तो काही वर्षांनी रिकामा तरी होतो किंवा त्यात सगळेच मावते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत छायालेखनाचा सन्मान १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला तेव्हा कृष्णधवल आणि रंगीत असे दोन वेगळे पुरस्कार होते. त्या वेळी ते योग्यच होते, कारण काळ्या-पांढऱ्यातला उजेड रचणे ही निराळी कला आहे. पुढे चित्रपट सर्रास रंगीत झाले, आणि भेद मिटला. ‘डिजिटल लेन्स’चे तसेच होत आले आहे. आज दुकानात मिळणारी जवळजवळ प्रत्येक नवी लेन्स डिजिटलच आहे. मग विशेषण कोणापासून वेगळे करण्यासाठी? जिथे सगळीच मुले हजर असतात तिथे हजेरीपटाला अर्थ उरत नाही. आता उलट जुन्या, हाताने फिरवायच्या लेन्सनाच वेगळ्या रकान्याची गरज आहे, कारण हौशी पोरे त्या जुन्या बाजारातून शोधून आणून नव्या पेट्यांवर बसवू लागली आहेत.

आणखी एक अडचण सरांना मी दाखवली तेव्हा ते थोडे गप्प झाले. २००८ साली मायक्रो फोर थर्ड्स पद्धत आली तेव्हापासून अशी चाल पडली, की लेन्सने चित्र थोडे वाकडे पाडले तरी चालेल, पेटीतील गणित ते सरळ करील. लेन्स स्वतःच्या दोषांचा तक्ता पेटीला पुरवते आणि पेटी दुरुस्ती करून मगच चित्र दाखवते. रेषा पिंपासारख्या फुगलेल्या असतात. आपल्याला दिसतात त्या ताठ. मग परीक्षकाने कोणती रेषा मोजायची? फुगलेली मोजली तर तो म्हणेल लेन्स वाईट, आणि ताठ मोजली तर त्याने लेन्सचे नव्हे, गणिताचे परीक्षण केले. माझ्याकडे याचे उत्तर आहे, आणि ते मास्तरकीतून आलेले आहे. मुलाने आधी काय काढले आणि पालकांनी कुठे खोडून दिले, हे दोन्ही मी वहीत पाहतो, आणि गुण अंतिम चित्राला देताना शेऱ्यात ते लिहितो. परीक्षकानेही दोन्ही चित्रे छापावीत. कोपरे ताणून सरळ केले की तिथला बारकावा थोडा पातळ होतोच, आणि ते वाचकाला समजले पाहिजे.

हे सगळे झाले तरी मला ज्या गोष्टीची परीक्षणांविषयी खरी तक्रार आहे ती निराळीच आहे. ती म्हणजे बुरशी.

वेल्हे तालुक्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात. नाव बदलले, पाऊस तोच आहे. जूनच्या मध्यापासून तोरण्याचे डोके ढगात जाते ते सप्टेंबर सरेपर्यंत अधूनमधूनच बाहेर येते. आमच्याकडे आषाढात चामड्याच्या चपलेवर पांढरी लव उगवते, पेटीतल्या कागदांना वास येतो, मीठ पाणी धरते. अशा हवेत लेन्सच्या आत, जिथे फडके पोचत नाही अशा जागी, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. हवेतील ओल पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, आणि जोडीला अंधार व धूळ असली, की बुरशीला दुसरे काही लागत नाही. ती काचेवरच्या लेपावर जगते आणि आपल्या आम्लाने त्यावर चरे पाडते. पुसली तरी खूण राहते. फोटोत पहिल्यांदा काहीच कळत नाही. मग एक दिवस उन्हासमोर कॅमेरा धरावा तर सारे चित्र ताकासारखे पांढुरके होते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मी वाचलेल्या परीक्षणांत विटांच्या भिंतीचे फोटो असतात, काळ्या-पांढऱ्या रेषांचे तक्ते असतात, कोपऱ्याचा चौरस इंच मोठा करून दाखवलेला असतो. लेन्स हातात आल्यापासून पंधरवड्यात निकाल लागतो. पंधरवडा! त्या लेन्सने एक मृग पाहिलेला नसतो. ‘हवामानरोधक’ असे विशेषण कंपनी देते आणि परीक्षक ते उचलतो. ज्या परीक्षकाने मढे घाटाच्या कड्यावर श्रावणात उभे राहून पाहिले आहे, त्याला ठाऊक असेल की तिथे कोकणातून वर येणारा वारा पाऊस खालून वर फेकतो. नळाखाली लेन्स धरून केलेली परीक्षा तिथे कामाला येत नाही. झूम फिरवताना नळी पुढे येते आणि आत जाते, आणि आत जाताना बाहेरची ओली हवा शोषून घेते, भात्यासारखी. म्हणून आमच्या भागात न वाढणाऱ्या नळीची लेन्स अधिक टिकते असा फोटोवाल्यांचा समज आहे, आणि तो मला तर्काला धरून वाटतो. दुरुस्तीसाठी ती उघडता येते का, पुण्यात ती उघडणारा कोणी आहे का, आतले भिंग सुटे मिळते का, हे प्रश्न एकाही तक्त्यात नाहीत. लंडन-टोकियोच्या परीक्षकाला ते सुचणार नाहीत हे मी समजू शकतो. पण मुंबईहून निघणाऱ्या इंग्रजी मासिकांना ते सुचू नयेत, याचे मात्र आश्चर्य वाटते. मुंबईत काय कमी पाऊस पडतो?

लेन्सला वेगळा रकाना हवा असे मी आज म्हणतो ते मुख्यतः यासाठी. पेटीच्या परीक्षणाला पंधरवडा पुरतो, कारण पेटीचे आयुष्यच तेवढ्या घाईचे आहे. लेन्सच्या परीक्षणाला वर्षे लागतात. दोघींचे वेळापत्रक निराळे, म्हणून रकाना निराळा. पहिले परीक्षण ती बाजारात आल्यावर करावे, आणि तीच लेन्स, तोच नग, तीन पावसाळ्यांनी पुन्हा काढून पाहावा. पुस्तकांच्या बाबतीत आपण हे करतो. नव्या कादंबरीवर अभिप्राय येतो आणि वीस वर्षांनी कोणी तिच्याकडे पुन्हा वळतो तेव्हा निराळेच काही लिहितो. आणि बहुधा दुसरा लेख अधिक खरा असतो.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. “मामा, तीन पावसाळ्यांनी ती लेन्स दुकानात मिळायची बंद झालेली असंल. मग परीक्षण वाचून घ्यायचं काय?” आक्षेप वजनदार आहे. मी त्याला म्हटले, की जुन्या बाजारात घेणारे तुझ्यासारखेच असतात; नवे कोरे घेणाऱ्याला परीक्षणाची गरजच काय, त्याला पावती पुरते. हे उत्तर वादात चालते. पण त्याचे म्हणणे अजून माझ्या मनात आहे, आणि त्यावर दुसरे चांगले उत्तर मला अद्याप सुचलेले नाही.

मी आपल्यापुरती एक वही केली आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या; निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यायचे. फार कोरडेही करायचे नाही, नाहीतर आतले वंगण सुकते. चाळीस-पन्नास टक्के ओल बरी. दसऱ्यानंतर डबा उघडतो, भाच्याच्या आणि माझ्या सगळ्या लेन्स एकेक करून मागून विजेरी धरून पाहतो, आणि लिहून ठेवतो. यंदाही पाहिले. भाच्याची मोठी टेलिफोटो स्वच्छ. छोटी झूम, जी पेटीबरोबर आली होती आणि जिला परीक्षकांनी हसण्यावारी नेले होते, तीही स्वच्छ. कणगीला पाठ लावून जिने मला फसवले त्या पन्नासच्या नोंदीत यंदा असे लिहिले आहे: चौथा पावसाळा. मागून दुसऱ्या भिंगावर, कडेला, एक धागा, नखाएवढा. उजेडात सरळ पाहिले तर दिसत नाही. सकाळच्या उन्हात अंगणात ठेवली.